ऑपरेशन झालं, गाठ निघाली, मग लेकरू बोलत का नाही?

पत्र: "माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत गाठ होती. मुंबईला ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. गाठ पूर्ण निघाली, साधी आहे, किमो किंवा रेडिएशनचा शेक लागणार नाही असं डॉक्टर म्हणाले. टाके काढून आम्ही जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी आलो, पहिल्याच दिवशी त्याला आवडते म्हणून शेवभाजी केली. औषधांची यादी सोबत जोडली आहे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तो 'आई, पाणी' म्हणाला आणि तिसऱ्या दिवसापासून बोलणंच बंद झालं. आता 'हो', 'नको' एवढंच पुटपुटतो. धरून उभं केलं तर झोकांड्या जातात. ताट भिरकावतो, किंचाळतो. पाणी पिताना ठसका लागतो. स्टेरॉईडनं तोंड सुजलंय, ते बंद करू का? घरी रोज दहा-बारा माणसं बघायला येतात, त्यांना नाही कसं म्हणायचं? सासूबाई म्हणतात नजर लागली. मोठी मुलगी बारा वर्षांची, ती एकदम गप्प झालीय. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडेल, त्याला पाठवायचं का?"

ताई,

दोन गोष्टी आजच करायच्या आहेत, त्या आधी सांगतो.

स्टेरॉईड स्वतःहून बंद करू नका. हे औषध बाहेरून मिळत असतं तेव्हा शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी करतं. औषध एकदम तोडलं तर लेकरू गळून पडतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, आणि मेंदूवरची सूज पुन्हा वाढू शकते. म्हणूनच डॉक्टर गोळ्या टप्प्याटप्प्यानं कमी करून देतात. डिस्चार्ज कार्डावरचा तो उतरता हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवून घ्या: कुठल्या तारखेला किती गोळ्या. गोळी दिली की तारखेवर फुली मारा, म्हणजे "तू दिलीस का मी दिली" हा गोंधळ होणार नाही. गोळी खाल्ल्यावरच द्या. दिवसातून दोनदा असेल तर दुसरी दुपारी दिलेली चालेल का, हे फोनवर विचारून घ्या, कारण उशिरा दिलेल्या गोळीनं रात्रीची झोप उडते. तोंडावरची सूज, मध्यरात्री उठून खायला मागणं आणि चिडचिडीचा काही भाग या औषधामुळेच आहे. औषध संपल्यावर ते काही आठवड्यांत ओसरतं. पुढचे काही महिने कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर "याला स्टेरॉईड चालू होतं" हे पहिल्याच वाक्यात सांगा. गल्लीत कुणाला कांजिण्या आल्या असतील तर लेकराला त्यांच्यापासून लांब ठेवा, आणि संपर्क आला असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा.

दुसरी गोष्ट ठसक्याची. लहान मेंदूवरच्या ऑपरेशननंतर गिळण्याच्या स्नायूंचा ताळमेळ बिघडू शकतो. पाणी सगळ्यात पातळ आणि सगळ्यात पळतं. घशाचं दार बंद व्हायच्या आत ते श्वासनलिकेत उतरतं आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून त्याला 'पाणी पी, पाणी पी' करू नका. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. ती होईपर्यंत पातळ पदार्थ थांबवा आणि घट्टसर पदार्थांतून पाणी पोटात जाऊ द्या: गाळलेली घट्ट तांदळाची पेज, ज्वारीच्या पिठाचं घोटलेलं आंबील, घुसळून एकजीव केलेलं घट्ट दही. केळी तर तुमच्या दारात पिकतात. केळं दुधात अगदी गुळगुळीत घोटून दाट करून द्या.

भरवताना त्याला सरळ बसवा, पाठीला टेका द्या, पाय लोंबकळत न ठेवता पाटावर टेकवा. हनुवटी किंचित खाली असू द्या. मान मागे टाकून घास दिला की श्वासनलिकेचं दार उघडं पडतं. लहान चमचा अर्धा भरा. घास दिल्यावर गळ्याचा कंठ वर जाऊन खाली आलेला दिसला पाहिजे. मग आणखी एकदा नुसतं गिळायला सांगा, आणि त्यानंतर पुढचा चमचा. मधूनमधून "आ" म्हणायला लावा. आवाज घोगरा, पाण्यातून आल्यासारखा वाटला तर घशात काहीतरी उरलंय, तिथेच थांबा. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. अर्ध्या तासात जेवढं जाईल तेवढंच द्या आणि दोन तासांनी पुन्हा थोडं द्या. घट्ट पदार्थांनाही ठसका लागत असेल, जेवताना ओठ निळसर पडत असतील किंवा जेवणानंतर ताप आणि घुरघुर सुरू झाली, तर तोंडानं देणं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही दिवस नाकातून नळी लागली तरी त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोट भरलेलं राहतं आणि फुप्फुसं वाचतात.

तुम्ही लिहिलंय की त्याला शेवभाजी आवडते म्हणून पहिल्याच दिवशी केली. आणखी काही आठवडे ती नको. पातळ तिखट रस्सा आणि त्यात न भिजलेली शेव, म्हणजे एकाच घासात दोन जातीचे पदार्थ. रस्सा पुढे पळतो, शेव तोंडात राहते, आणि अशा मिश्र घासालाच सगळ्यात जास्त ठसका लागतो. दुधात अर्धवट कुस्करलेली भाकरी, पातळ वरणातला भात, शेंगदाणे, चिवडा, केळीचे वेफर्स यांचंही तेच. त्याऐवजी मुगाची मऊ खिचडी तूप घालून घोटा. भरीत करा, पण मिरची-दाणे न घालता आणि बिया-साल काढून. कळण्याची भाकरी द्यायची तर वरणात पूर्ण विरघळेपर्यंत कुस्करा, वर पाणी सुटू देऊ नका.

आता बोलण्याचं.

दुसऱ्या दिवशी बोलला आणि तिसऱ्या दिवसापासून बंद झाला, हा क्रम मेंदूच्या डॉक्टरांना चांगला माहीत आहे. डोक्याच्या मागच्या भागातली गाठ काढलेल्या काही मुलांमध्ये ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत बोलणं अचानक थांबतं. सोबत चिडचिड, रडणं, अंग सैल पडणं, तोल जाणं आणि गिळायला त्रास हे सगळं येतं. याला सेरेबेलर म्युटिझम म्हणतात. लहान मेंदूकडून मोठ्या मेंदूकडे जाणाऱ्या वाटा ऑपरेशनमध्ये दुखावतात, त्यातून हे होतं. हे काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत टिकतं. 'हो', 'नको' सुरू झालंय, ही परत येण्याचीच खूण आहे. पुढचे शब्द आधी कुजबुजल्यासारखे येतील, मग सावकाश आणि अडखळत. बोलणं परत आल्यावरही उच्चार बराच काळ जड राहू शकतात आणि तिथे स्पीच थेरपीचा उपयोग होतो. यात कुणाची नजर नाही, त्याचा हट्ट नाही आणि तुमची चूकही नाही. तुम्ही बोलता ते त्याला बहुतेक समजतं, म्हणून त्याच्यासमोर "हा आता असाच राहील का" हे कुणीही बोलायचं नाही.

मोबाईलवर कार्टून लावल्यानं बोलणं येत नाही. उलट झगमगाट आणि आवाजानं थकलेला मेंदू आणखी थकतो. परीक्षा घेणंही बंद करा: "मी कोण, सांग बरं? मामाचं नाव काय?" उत्तर डोक्यात असतं, तोंडापर्यंत येत नाही, आणि मग ताट भिरकावलं जातं. त्याऐवजी दोन वस्तू समोर धरा, केळं आणि खिचडीची वाटी, आणि तो कुठे बघतो, कुठे हात नेतो ते पाहा. अंगठा वर म्हणजे हो, मूठ म्हणजे नको, असं ठरवून टाका. पाणी, शू, दुखतंय, झोप, आई, बंद करा, अशी सहा चित्रं पुठ्ठ्यावर काढून बाजेजवळ टांगा. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा, तोवर दुसरं कुणी बोलायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसांना हेच सगळ्यात अवघड जातं.

यामुळेच माणसांच्या गर्दीचा प्रश्न मी औषधांच्या बरोबरीनं धरतो. खान्देशात दुखणाऱ्याला बघायला जाणं हे माणुसकीचं काम आहे आणि येणाऱ्यांचा जीव तुटतो हेही खरं. पण या लेकराच्या मेंदूला एक चेहरा ओळखून प्रतिसाद देण्यातही दमायला होतं. दहा जण येऊन गेले की संध्याकाळची किंचाळी ठरलेली. शिवाय स्टेरॉईड चालू असताना कुणाची साधी सर्दीही त्याला महागात पडते. नाही म्हणण्याचं काम तुमच्यावर घेऊ नका, सुनेनं नाही म्हटलं की त्याचं वेगळंच होतं. ते मिस्टरांनी किंवा जेठांनी करावं, ओसरीवर, चहा देऊन: "डाक्टरनी आराम सांगेल शे, पोऱ्या झोपेल शे" (डॉक्टरांनी आराम सांगितलाय, पोरगा झोपलाय). आत फक्त ठरलेली दोन-तीन माणसं, एका वेळी एक, तीही दहा मिनिटं. ज्यांना खरंच मदत करायची आहे त्यांना काम द्या: एकानं रोज रात्रीची भाजी-भाकरी पाठवायची, दुसऱ्यानं फिजिओथेरपीला न्यायला गाडी काढायची.

सासूबाईंशी भांडण नको. दृष्ट काढायची तर काढू द्या, त्यांच्याही मनाला धीर हवाच आहे. फक्त मिरच्या-मोहरी विस्तवावर टाकताना तो त्या खोलीत नको, कारण धुरानं खोकला आला की डोक्यातला दाब वाढतो. जखमेवर अंगारा, हळद, तेल काहीही लावायचं नाही. डोक्याला तेल लावून चोळणंही सर्जन सांगतील तेव्हाच. त्यांना एक पक्कं काम द्या: दुपारी दोन ते चार त्याच्याजवळ बसायचं, खोली शांत ठेवायची, आणि त्या वेळात तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायचं. रात्री दोघांनी वाटून घ्या, एक वाजेपर्यंत एक आणि नंतर दुसरा. जागरणानं पेंगुळलेल्या हातून औषधाच्या चुका होतात.

दिवस आखताना श्रमाचं एक काम आणि मग विश्रांती, असा क्रम धरा. सकाळी आंघोळ झाली की अर्धा-पाऊण तास पडू द्या. मग खाणं, पुन्हा पडणं. मग दहा मिनिटं व्यायाम. आंघोळ, व्यायाम आणि पाहुणे एकापाठोपाठ एक आले की तो कोलमडणारच. जांभया, डोळे चोळणं, कानावर हात ठेवणं, तोंड फिरवणं ही थकल्याची चिन्हं दिसली की तिथेच थांबा. किंचाळायला लागल्यावर थांबणं म्हणजे उशीर झाला. चिडला तर समजावत बसू नका. दिवा मंद करा, एकच माणूस जवळ थांबा, बाकीचे बाहेर. तुमच्या यादीत फिट येऊ नये म्हणून दिलेलं लेव्हेटिरॅसिटाम सिरप आहे. त्यानंही काही मुलं फार चिडतात. हे डॉक्टरांना जरूर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. ते स्वयंपाकाच्या चमच्यानं मोजू नका, सोबतच्या सिरिंजनंच मोजा. दुसऱ्या कंपनीची बाटली मिळाली तर एका मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते जुन्या बाटलीशी जुळवून पाहा.

चालण्यासाठी हाताला धरून ओढू नका. तोल गेला की खांद्याला हिसका बसतो. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा आणि किंचित मागून, ज्या बाजूला तो कलतो त्या बाजूनं, पट्टा धरून चाला. पाय मोकळे ठेवा किंवा मागे पट्टा असलेली सँडल घाला, सपाता नकोत. मोरीजवळची ओली शहाबादी फरशी कोरडी ठेवा आणि ओट्याच्या पायऱ्यांना आडवी फळी लावा. पेला जड बुडाचा घ्या आणि अर्धाच भरा. कोपर पाटावर टेकवून धरायला लावलं की हाताची थरथर कमी होते. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी केंद्राची (मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राची) चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फिजिओथेरपी, स्पीच थेरपी अशा सेवा तिथे मोफत मिळतात. आठवड्यातून दोनदा जाणं जमलं नाही तर एकदा जा, पण घरी करायचे व्यायाम त्यांच्यासमोर मोबाईलवर चित्रित करून आणा.

झोपवताना नुसती मानेखाली उशी घेतली तर मान मुडपते आणि मागची जखम ताणली जाते. कमरेपासून डोक्यापर्यंत गोधड्यांच्या घड्यांचा उतार करा. जखम रोज एकाच माणसानं, उजेडात पाहायची. दोन दिवसांआड त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा, म्हणजे सूज वाढतेय का ते डोळ्यांना कळतं. उशीवर स्वच्छ पाण्यासारखा डाग दिसला, जखमेजवळ मऊ फुगा आला आणि रडताना तो ताणला गेला, किंवा नाकातून सारखं पातळ पाणी गळू लागलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. दाबायचं नाही, वरून घट्ट बांधायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. संडासला जोर करायला लागू देऊ नका. पपई, तूप, घट्ट पेज चालू ठेवा आणि तीन दिवस साफ झालं नाही तर डॉक्टरांना विचारा.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर असेल तर दवाखान्यात न्यायला उशीर करायचा नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीच्या वर असतो आणि अंग नुसत्या उकाड्यानंही तापतं. तशी शंका असेल तर त्याला थंड खोलीत नेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी ताप असेल तर तो खरा धरा. कूलरचं पाणी आठवड्याला बदला, नाहीतर डासांचं घर होतं. औषधं पत्र्याखालच्या फळीवर नकोत, सगळ्यात गार खोलीत ठेवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे सांगितलेल्या डोसमध्येच द्या. आयबुप्रोफेन न विचारता नको, स्टेरॉईडसोबत ते पोटात रक्तस्राव करू शकतं. ॲस्पिरिन तर अजिबात नको.

पुढचा परिच्छेद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलट्या, नेहमीपेक्षा जास्त झापड, हाक मारूनही न उठणं, एकाचे दोन दिसणं, डोळे वर न जाणं, किंवा काल चार पावलं चालणारा आज बसतही नाही: यातलं काहीही दिसलं तर मेंदूत पाणी साचत असेल. अशा वेळी थेट मुंबईची गाडी धरू नका, जळगावहून मुंबई रेल्वेनं सात-आठ तास आहे. १०८ ला फोन करा, जळगावला सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन आहेत त्या ठिकाणी आधी जा, आणि वाटेतून मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावा. फिट आली तर कुशीवर वळवा, मानेजवळचं सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा थांबून लगेच पुन्हा आली तर १०८. पहिलीच फिट असेल तर थांबली तरी दवाखान्यात न्या. नाकात मारायचा मिडॅझोलॅम स्प्रे घरी ठेवायचा का, हे पुढच्या भेटीत विचारा.

मुलीचं. बारा वर्षांच्या पोरी बऱ्याचदा मनात धरून बसतात की आपण ढकललं होतं, भांडलो होतो, म्हणून हे झालं. तिनं विचारायची वाट न पाहता तुम्हीच सांगा: गाठ कुणाच्या मारण्यानं, पडण्यानं, रागावण्यानं होत नाही. तिला दिवसाला एकच काम द्या, सुरुवात आणि शेवट असलेलं, उदाहरणार्थ संध्याकाळी वीस मिनिटं चित्रांचा पुठ्ठा घेऊन त्याच्याशी खेळणं. बाकी वेळ ती मोकळी. रोज पंधरा मिनिटं तुम्ही फक्त तिच्या, आणि त्यात भावाचा विषय तिनं काढला तरच.

शाळा १५ जूनला नको. बसणं, गिळणं आणि इशाऱ्यानं का होईना शू सांगणं जमलं, आणि सर्जननी हो म्हटलं, की सुरुवात करा. पहिले पंधरा दिवस आठवड्यातून दोन-तीन दिवस, दर वेळी एक-दीड तास, शक्यतो सकाळच्या पहिल्या तासांना. दुचाकीवर मध्ये दाबून बसवून नेऊ नका. वर्गशिक्षकांना आधी एकटे भेटा: पुढचा बाक, मित्राशेजारी, दफ्तर शाळेतच, मोठ्या रेघांची वही, जाड पेन्सिल, लिहायला जास्त वेळ, पीटीला आणि झोक्याला सुट्टी. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांकडून त्यांना पत्र द्यायला लावा, गरज पडली तर ते घरीही येऊन शिकवतात. यंदा वर्ग पुढे जातो की नाही, याचा घोर आत्ता करू नका.

पुढच्या भेटीला जाताना एका फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, गाठीचा तपासणी अहवाल आणि एमआरआयची सीडी ठेवा. मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. त्याच्या चालण्याचे, जेवणाचे आणि चिडल्याचे प्रत्येकी एक मिनिटाचे व्हिडिओ घेऊन जा, ओपीडीत तो तसा वागेलच असं नाही. आणि हे प्रश्न लिहून न्या: पुढचा एमआरआय कधी, फिटचं औषध किती महिने, पाणी पातळ कधीपासून द्यायचं, लसी कधी घ्यायच्या, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कोणत्या नंबरवर करायचा.